क्राऊन-पिनियन घ्यायच्या आधी केज पहा: जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचं काम करताना

आपल्या विदर्भात जुन्या जीपा अजून संपल्या नाहीत. कुठल्याही तालुक्याच्या आठवडी बाजाराला जा, स्टँडच्या मागे दोन-तीन तरी उभ्या दिसतेच, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असते पण मागचं एक्सल मात्र जुनंच. मग गाडी हायवेवर पन्नासला आली की इंजिन ओरडाले लागते, डिझेल जास्त जाते आणि कोणीतरी सांगते की भाऊ, क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली दातांची जोडी, बदलून टाक, गाडी पळते. सल्ला बरोबर आहे पण अर्धा आहे. उरलेला अर्धा माहीत नसल्यानं माणसं पैसे घालवतात म्हणून हे सगळं लिहून काढतोय, नवीन माणसाला समजेल असं.

माझ्यासोबत काय झालं ते आधी सांगतो. आमच्या जीपमध्ये ३९ आणि ८ दाताची जोडी होती, म्हणजे ४.८८ चा रेशो. मी नागपूरहून जुन्या मालातली ४१ आणि ११ ची जोडी घेऊन आलो, ३.७३ ची, दात एकदम चांगले, रंगही उडाला नव्हता. दुकानदारानं विचारलं नाही की केज, म्हणजे क्राऊन ज्याच्यावर लागते तो डबा, कोणता आहे आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. यवतमाळला उस्तादानं हौसिंग उघडलं, पिनियन बसवलं, क्राऊन केजवर चढवली, आणि केज आत ठेवाले गेला तर तो बसेचना. क्राऊनचे दात पिनियनवर जाऊन अडकत होते, बेअरिंग आपल्या जागेवर पोचतच नव्हतं, बेअरिंगवरच्या टोप्या लागायचा तर प्रश्नच नाही. शिम, म्हणजे जाडी भरायच्या पातळ चकत्या, सगळ्या काढून पाहिल्या तरी तेच. उस्ताद म्हणे, "हा केजच याचा नाही बाबू." दीडशे किलोमीटर परत जा, केज शोधा, आणि सोयाबीनच्या ऐन सीझनमध्ये गाडी नऊ दिवस ठोकळ्यावर.

आता आतमध्ये काय असते ते पाहून घेऊ, काहून की नावांचाच घोळ जास्त होतो. प्रोपेलर शाफ्टवरून जे फिरणं येते ते पिनियनला येते, काही जण टेल पिनियन म्हणतात. पिनियन मोठ्या चकतीला फिरवते, ती क्राऊन. क्राऊन बोल्टांनी एका लोखंडी डब्यावर आवळलेली असते, तो केज, इंग्रजी पुस्तकात आणि व्हिडिओत त्यालाच कॅरिअर म्हणतात. केजच्या पोटात स्टार पिनियन आणि साईड गिअर, आणि साईड गिअरच्या स्प्लाईनमध्ये, म्हणजे आतल्या उभ्या खाचांत, दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट. हे सगळं ज्या मोठ्या खोळीत आहे ते हौसिंग. दुकानात नुसतं कॅरिअर म्हटलं तर समोरचा वेगळंच काही काढून देऊ शकतो, म्हणून "ज्याच्यावर क्राऊन बोल्टनं लागते तो केज" असं बोट दाखवून सांगा.

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, बस. ४३ ला ८ नी भागा, ५.३८ येते, जुन्या सीजे-३बी जीपचा हाच रेशो. ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७, ४५ आणि ११ म्हणजे ४.०९, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि पळणं कमी.

मुख्य गोष्ट आता येते, हे नीट वाचा. क्राऊनचा आकार तर तोच राहतो, डाना ४४ नावाच्या या एक्सलमध्ये आरपार साडेआठ इंच. मग रेशो बदलतो कसा? पिनियन लहान-मोठं करून. ४.८८ च्या जोडीत पिनियनला ८ दात, त्याचं डोकं बारीक. ३.७३ च्या जोडीत ११ दात, डोकं जाड. पिनियनची मधली रेषा हौसिंगमध्ये ठरलेली आहे, ती हलत नाही. मग बारीक डोक्याच्या पिनियनला टेकायचं तर क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागते, आणि जाड डोक्याच्या पिनियनसाठी तिला मागे राहावं लागते. रसवंतीचा चरक पाहिला असेल ना, एक रूळ झिजून बारीक झाला की दुसरा रूळ जवळ घेतल्याशिवाय ऊस दाबत नाही, तसंच हे. ही सरकण थोडीशी असली तर बाजूच्या शिमांनी निभते. पण मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंतचा सगळा फरक शिमांनी भरून निघत नाही, म्हणून कंपनीनं दोन प्रकारचे केज बनवले, एकात क्राऊन लागायचा कडा पिनियनच्या जवळ, एकात लांब.

डाना ४४ मध्ये ही फाळणी ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये आहे. ३.७३ आणि त्याच्या खालचे रेशो एका केजवर, ३.९२ आणि त्याच्या वरचे सगळे, म्हणजे ४.०९, ४.२७, ४.८८, ५.३८, दुसऱ्या केजवर. म्हणजे माझं चुकलं कुठं ते समजलं असेल. मोठ्या आकड्याच्या केजवर लहान आकड्याची क्राऊन लावली, कडा आधीच पिनियनच्या जवळ आणि त्यात पिनियन जाड, मग ते अडकणारच. उलटं केलं असतं, म्हणजे ३.७३ च्या केजवर ४.८८ ची क्राऊन, तर ती पिनियनपर्यंत पोचलीच नसती, दातात ढिल्ली चाल राहिली असती. आणि मला विचाराल तर हे दुसरं जास्त वाईट, काहून की पहिल्यात निदान टोप्याच बसत नाही, दुसऱ्यात घाईचा मिस्त्री बाजूला शिम भरून गाडी चालू करून देऊ शकतो आणि दात नुसते टोकावर टेकून चालतात, मग एका दिवशी भरल्या गाडीत घाटात तुटतात.

दुसऱ्या एक्सलचा नियम वेगळा. डाना ३० मध्ये फाळणी ३.५४ आणि ३.७३ च्या मध्ये, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये, आणि फोर्डच्या ९ इंची आणि ८.८ इंची एक्सलला ही फाळणीच नाही, कोणताही रेशो त्याच केजवर चढते. म्हणून एखाद्या अमेरिकन व्हिडिओत कोणी नुसती क्राऊन-पिनियन बदलून मोकळा होताना दिसला की आपल्याही गाडीत तसंच होईल असं समजू नका, आधी तो कोणत्या एक्सलवर काम करतोय ते पहा.

तर पहिलं काम, आपल्या गाडीत काय आहे ते शोधा. कव्हरचे बोल्ट मोजा, डाना ४४ ला १० असतात, आणि हौसिंगच्या खालच्या रीबवर ४४ चा आकडा ओतलेला सापडू शकतो, वायर ब्रशनं चिखल काढून बॅटरी लावून पहा. मग रेशो. कव्हर न उघडता मोजायचं असेल तर मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, ठोकळा द्या, गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण करा. आता उचललेलं चाक पूर्ण २० फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजू द्या. एक चाक बांधलेलं असल्यानं २० फेऱ्यांत क्राऊनचे १० फेरे होतात, म्हणून शाफ्टचे जितके फेरे येतील त्याला १० नी भागा. ४९ च्या आसपास आले तर ४.८८, ४३ च्या आसपास तर ४.२७. घरच्या पोरांना सोबत घेऊन अर्ध्या तासाचं काम आहे. पण पैसे द्यायच्या आधी कव्हर उघडून दात मोजणं हेच खरं, गाडी जुनी असते, मधात कोणी काय बदलून ठेवलं याचा भरोसा नसते. आणि केजही पहा, आधीच्या मालकानं जाड क्राऊन टाकलेली असू शकते, त्याचं पुढं सांगतो.

दुसरं काम, कोणता रेशो पाहिजे ते ठरवा. मी साध्या हिशेबानं करतो. १६ च्या रिंगवर ६.०० चा टायर असेल तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.२८ मीटर जाते, तुमचा टायर वेगळा असेल तर जमिनीवर एक फेरा चालवून टेपनं मोजा. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर आणि टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे एकास एक, तर ५.३८ वर गाडी ५१ नी जाते, ४.८८ वर ५६, ४.२७ वर ६४, आणि ३.७३ वर ७३ नी. ३.७३ चा आकडा पाहून मन होतेच, माझंही झालं होतं. पण आपला वापर पहा. काळ्या मातीत पाऊस पडला की गाडी रुतते, मागे कापसाची गाठोडी नाही तर आठ-दहा माणसं, मेळघाटात चिखलदऱ्याचा घाट, अशा गाडीला ३.७३ लावलं की पहिल्या गिअरमध्ये क्लच जळतो. ज्यांची गाडी गाव ते तालुका आणि कधीमधी नागपूर अशी चालते त्यांना मी ४.२७ सांगतो, आणि त्याचं मोठं कारण हे की ५.३८ किंवा ४.८८ वरून ४.२७ वर याल तर फाळणीची रेषा ओलांडावी लागत नाही. केज तोच चालतो, खर्च अर्ध्यावर येते. माझ्या गाडीत शेवटी ४.२७ च लागली, ३.७३ ची जोडी तोटा खाऊन परत दिली आणि त्याचं मले आता अजिबात वाईट वाटत नाही.

तिसरं, खरेदी. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनं घ्यायची, कारखान्यात दोघांना एकत्र घासलेलं असते, दोघांवर एकच नंबर कोरलेला असते तो जुळवून पहा. नंबर वेगळा असेल तर कितीही स्वस्त भेटली तरी नको. पिनियनच्या तोंडावर अजून एक लहान आकडा असतो, अधिक किंवा उणे, तो खोलीच्या शिमसाठी थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, दिलेला असतो, पुसून लिहून ठेवा. दातावर बोट फिरवा, खड्डे पडले असतील, एका बाजूला धार आली असेल, निळसर झाले असतील तर सोडा.

जमत असेल तर जुन्या मालात क्राऊन-पिनियन केजासकट, एकाच गाडीतून निघालेला सेट घ्या. पण केज बदलत असाल तर साईड गिअरची स्प्लाईन मोजा. डाना ४४ मध्ये १० स्प्लाईनचे एक्सल आहेत, १९ चे आहेत, ३० चेही आहेत, आणि तुमचे शाफ्ट १९ चे असून केज ३० चा आणला तर सगळं परत. म्हणून दुकानात जाताना एक एक्सल शाफ्ट गोणपाटात गुंडाळून सोबतच न्या, तिथंच घालून पहा. पिनियनच्या मागच्या टोकाचीही स्प्लाईन पहा, जुन्यात १० असतात आणि नंतरच्यात २६, त्यावर तुमचं यॉक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा, बसलं पाहिजे नाही तर यॉकही घ्या. क्राऊनचे बोल्ट १०, भोकं जुळतात का ते केजवर ठेवून पहा.

आता ती जाड क्राऊन. काही कंपन्या मोठ्या रेशोची क्राऊन मुद्दाम जाड बनवतात, ती ३.७३ च्या केजवर लावता येते, कडा लांब असला तरी जाडीनं ते अंतर भरून निघते. यात वाईट काही नाही, चांगला उपाय आहे, ज्याच्याकडे महागडं लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं सोबत फिरवणारं यंत्र, त्याच केजात बसवलेलं असेल त्याच्यासाठी तर फारच. फक्त ३.९२ आणि वरच्या केजवर जाड क्राऊन किंवा ३.७३ च्या केजवर मोठ्या रेशोची साधी क्राऊन, असं होऊ देऊ नका. क्राऊन आणि केजच्या मध्ये टाकायचा स्पेसरही भेटतो पण त्यात बोल्ट लांब लागतात, एक सांधा वाढतो, ओझ्याच्या गाडीत मी तो लावत नाही आणि कोणाला सांगतही नाही. क्राऊन लेथवर घासून पातळ करून देतो म्हणणारेही भेटतात, त्यांना नमस्कार करून निघा.

चौथं, उघडणं. ऑइल काढा, दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, टेपर हब असेल तर पुलर लागते, घणानं ठोकलं की टोकाचे आटे जातात आणि आतलं बेअरिंगही. केजच्या दोन्ही टोप्यांवर पंचनं खुणा करा, डावी डावीकडेच आणि वरची बाजू वरच, त्या हौसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात म्हणून अदलाबदल चालत नाही. जुन्या शिमा बाजूनिहाय वेगळ्या पुडीत बांधून जाडी लिहा. सुरुवात तिथूनच करायची असते. बेअरिंग मात्र सगळी नवीन टाका, इतकं खोललं आहे तर त्यात पैसे वाचवू नका.

क्राऊन केजवर घट्ट बसते. तिला उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, कोरडी पुसा, गरम असतानाच बसवा, बोल्ट हातानं लावा आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. ३/८ चे बोल्ट असतील तर ७५ न्यूटन मीटर, आट्यावर लॉकटाईट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. बोल्टांनीच ओढून बसवायचा प्रयत्न केला तर ती तिरपी बसते. केजचा कडा आणि क्राऊनची मागची बाजू स्वच्छ पाहिजे, एक कचरा राहिला तरी क्राऊन डुगडुगते. डायल गेज नसेल तर लेथवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा, क्राऊनची डुग २ थाऊच्या आत पाहिजे.

आता पिनियन, आणि इथं वेळ द्या, दिवसभर गेला तरी जाऊ द्या. पिनियन किती खोल बसते ते आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिमेवर ठरते. शिम वाढवली की पिनियन क्राऊनकडे सरकते. त्या शिमेला हात लावला की बेअरिंगचा दाबही बदलतो, म्हणून दोन्ही सोबत पहावं लागते. दाब मोजायला टॉर्क घड्याळ नसेल तर १० किलोचा हुकाचा स्प्रिंग काटा घ्या, यॉकवर मध्यापासून ५ सेंटिमीटरवर दोरी बांधून ओढा, सील न लावता आणि केज बाहेर असताना. नवीन बेअरिंगवर पिनियन सारखी फिरत राहाले काट्यावर साधारण ५ ते ९ किलो दाखवलं पाहिजे. कमी असेल तर बाहेरच्या बेअरिंगखालची शिम कमी करा.

मग केज आत, टोप्या आवळा, आणि दातातली चाल मोजा. पिनियन धरून ठेवा, क्राऊनच्या दातावर डायल गेजचं टोक लावा, मागे-पुढे हलवा. ५ ते ९ थाऊ पाहिजे, म्हणजे ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर, आणि चार जागी मोजल्यावर फरक ३ थाऊपेक्षा जास्त नको. चाल जास्त असेल तर क्राऊन पिनियनकडे सरकवा, म्हणजे एका बाजूची शिम काढून तितकीच दुसऱ्या बाजूला, एकूण जाडी तीच राहू द्या. जुन्या डाना ४४ मध्ये या शिमा केजच्या बेअरिंगखाली असतात, दरवेळी पुलर लावून बेअरिंग खराब होते. त्याच्यासाठी जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून घ्या, हातानं सरकेल इतकं, त्यावर सगळं मोजमाप करा आणि पक्कं झाल्यावरच नवीन ठोका. हे मला उस्तादानं शिकवलं, यानं खूप वेळ वाचते.

शेवटी दातांची खूण, म्हणजे दात एकमेकांना कुठं टेकतात ते. बाजारात मार्किंग ब्ल्यू भेटते, नाही भेटलं तर शेंदूर तेलात घट्ट कालवा, आमच्या इकडं तेच चालते, फक्त शेंदूर शिशाचा असू शकते म्हणून जेवायच्या आधी हात साबणानं धुवा आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका. चार-पाच दातांवर लावा, क्राऊनला लाकडाच्या दांड्यानं थोडं अडवून पिनियन दोन्हीकडे फिरवा. खूण दाताच्या मध्यावर आली पाहिजे, मुळाशीही नाही आणि वरच्या काठावरही नाही. मुळाशी आली तर पिनियन जास्त खोल आहे, शिम कमी करा. वरच्या काठाला आली तर शिम वाढवा. चुकीच्या केजवर जबरदस्तीनं बसवलेली जोडी इथं उघडी पडते, खूण काठावरून हलतच नाही, कितीही शिमा बदला. असं दिसलं की थांबा, पुढं जाऊ नका, केज पुन्हा तपासा.

फोर-व्हील गाडी असेल तर पुढचा रेशोही मागच्याइतकाच पाहिजे. ४.०९ आणि ४.१० इतका फरक चालतो, पण मागे ४.२७ आणि पुढे ४.८८ ठेवून पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस किंवा क्रॉस तुटते. पुढचं बदलायला पैसे नसतील तर तोवर पुढचा शाफ्ट काढून ठेवा. मीटरचंही लक्षात असू द्या, मीटर शाफ्टचे फेरे मोजते, म्हणून ४.८८ वरून ३.७३ वर गेलेल्या गाडीत मीटर ४० दाखवते तेव्हा गाडी खरी ५२ नी चाललेली असते. हे ड्रायव्हरला सांगून ठेवा.

ऑइल जीएल-५ चं, ८०-९० नंबर, भरायच्या भोकातून वाहाले लागेपर्यंत. पहिल्या दिवशी गाडी रिकामी, वीसेक किलोमीटर हळू चालवा, मग अर्धा तास उभी करून थंड होऊ द्या, आणि हौसिंगला हात लावून पहा, गरम असणारच पण हात टेकवता आला पाहिजे. मे महिन्यात हे काम सकाळी सहालाच करा, दुपारच्या ४५ डिग्रीत हौसिंग आधीच तापलेलं असते, खरं काय ते समजत नाही. पहिले ८०० किलोमीटर ओझं नको, ट्रॉली ओढायची नाही, आणि ते झाले की ऑइल बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटात ओता, उन्हात धरा. बारीक चांदीसारखी झाक दिसली तर ती दात बसल्याची आहे, चिंता नाही. कणी हाताला लागली तर कव्हर त्याच दिवशी उघडा.